पोलंडचा कोसळलेला मनोरा

रेडिओची कळ फिरवावी आणि घराच्या कोपऱ्यांत शेंकडों मैलांवरचा मनुष्य बोलूं लागावा, ही गोष्ट शिकलेल्या घरांत आतां कोणाला नवलाची वाटत नाहीं. बोलणाऱ्याचा आवाज ओळखीचा होतो, त्याचें नांव तोंडपाठ होतें, कार्यक्रमाची वेळ अंगवळणीं पडते. परंतु तो आवाज ज्या मनोऱ्यावरून आकाशांत सोडला जातो, तो मनोरा मात्र श्रोत्याच्या ध्यानींमनींहि नसतो. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्याला झऱ्याची आठवण विहीर आटल्यावांचून होत नाहीं, तशांतलाच हा प्रकार होय. एखादे दिवशीं मनोरा पडतो, केंद्र दुसरीकडे हलतें, आणि मग लोक विचारूं लागतात, कीं तें होतें तरी कोठें?

पोलंड देशाच्या लोकांवर हा प्रश्न विचारण्याची पाळी एकदां नव्हे, अनेकदां आली. पाऊणशें वर्षांच्या आंत त्यांच्या नभोवाणीला कधीं युद्धानें, कधीं महत्त्वाकांक्षेनें, कधीं अपघातानें, तर कधीं लोकांच्या विरोधानें आपलें बिऱ्हाड हलवावें लागलें. जगांत तोंवर माणसानें उभारलेली सर्वांत उंच वस्तु याच देशांत उभी राहिली आणि याच देशांत कोसळली. म्हणून मनोऱ्यांचा हा इतिहास पोलंडच्या आधारें सांगणें सोयीचें आहे.

पोलंडच्या नभोवाणीचें नियमित प्रसारण १८ एप्रिल १९२६ रोजीं वॉर्सा या राजधानींत सुरू झालें. प्रारंभींचीं यंत्रें लहान होतीं. त्यांचा आवाज शहर व भोंवतालचा मुलूख एवढ्यापुरताच पोहोंचे. परंतु पोलंड हा त्या वेळीं नुकताच स्वतंत्र झालेला देश. सव्वाशें वर्षें तीन साम्राज्यांनीं त्याचे तुकडे करून वांटून घेतले होते. असा देश एक आहे, हें त्यांतील खेड्यापाड्यांच्या लोकांना रोज पटवून देणारी वाणी असली पाहिजे, हा विचार तेथील धुरीणांच्या मनांत बळावला, आणि १९३१ सालच्या मे महिन्यांत वॉर्साच्या वेशीबाहेर राशिन या गांवीं नवें केंद्र उघडण्यांत आलें. दोनशें मीटर उंचीचे दोन स्तंभ आणि १२० किलोवॉट शक्तीचा प्रक्षेपक, हें त्याचें वैभव होतें. युरोपांतील बलाढ्य केंद्रांत त्या वेळीं त्याची गणना होई.

पुढें आठच वर्षांनीं युद्ध आलें. १९३९ च्या सप्टेंबरांत वॉर्साला वेढा पडला असतां, बाँबगोळ्यांच्या आवाजांतहि नभोवाणी बोलत राहिली. २३ सप्टेंबर रोजीं व्लादिस्लाव श्पिलमान हा पियानोवादक केंद्रावर शोपँचें संगीत वाजवीत होता. तो त्या केंद्राचा अखेरचा प्रत्यक्ष वादनाचा कार्यक्रम ठरला. शहराची वीज गेली आणि वाणी बंद पडली. जेत्यांनीं लोकांच्या घरांतील रेडिओ-यंत्रें जप्त केलीं. म्हणजे बोलणाऱ्याचें तोंड तर बांधलेंच, पण ऐकणाऱ्याचे कानहि काढून नेले. १९४५ च्या जानेवारींत माघार घेतांना जर्मन सैन्यानें राशिनचें केंद्र सुरुंग लावून उडवून दिलें. युद्ध संपल्यावर श्पिलमान परत केंद्रावर आला आणि त्यानें पुन्हां शोपँच वाजविला. पुलाइतकाच, किंबहुना पुलाहून अधिक काळजीनें, शत्रु नभोवाणीचा मनोरा पाडतो. यावरून त्या लोखंडी सांगाड्याची खरी किंमत कळून येते.

राशिनची जागा मात्र सुटली नाहीं. १९४९ सालीं तेथेंच ३३५ मीटर उंचीचा नवा स्तंभ उभारण्यांत आला. त्या काळीं युरोपांत इतकें उंच दुसरें बांधकाम नव्हतें. या स्तंभाचें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढें ऐन संकटांत कामाला आला तो हाच.

एवढी उंची लागते तरी कशाला, असें येथें कोणी विचारील. घरावर लावावयाची दूरदर्शनची काठी लहान असते, आणि मोबाईलचे खांबहि कांहीं आकाशाला भिडत नाहींत. याचें उत्तर लहरींच्या लांबींत आहे. वॉर्साचा हा कार्यक्रम दीर्घलहरींवरून दिला जाई. या लहरीची लांबी सुमारें १,३२० मीटर, म्हणजे एका शिखेपासून दुसऱ्या शिखेपर्यंत सव्वा किलोमीटरांहूनहि अधिक अंतर. अशी लहर भूपृष्ठाला बिलगून, पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत, डोंगरदऱ्यांना न जुमानतां फार दूरवर जाते. परंतु तिला जोरानें सोडावयाची तर सोडणारा स्तंभहि तिला साजेसा लागतो. लहरीच्या चौथ्या हिश्शाइतका उंच स्तंभ चांगलें काम देतो. राशिनचा ३३५ मीटरांचा स्तंभ त्याच हिशोबाचा होता. स्तंभ लहरीच्या निम्म्याइतका उंच केला, तर त्याची शक्ति आकाशाकडे वायां न जातां क्षितिजाच्या दिशेनें अधिक पसरते, आणि दूरच्या श्रोत्याला आवाज अधिक स्पष्ट येतो.

हा निम्म्याचा हिशोब डोळ्यांपुढें ठेवून नवें केंद्र बांधावयाचें ठरलें. त्यासाठीं वॉर्साच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर, गोंबिन या गांवाजवळचें कोन्स्तान्तिनुफ हें खेडें निवडण्यांत आलें. स्तंभाची रचना यान पोलाक या स्थापत्यविशारदानें केली. १९७० च्या जुलैंत काम सुरू झालें, १८ मे १९७४ रोजीं तें पुरें झालें, आणि २२ जुलै १९७४ या त्या वेळच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशीं नियमित प्रसारणास आरंभ झाला.

या मनोऱ्याची उंची ६४६.३८ मीटर होती. मुंबईचा राजाबाई टॉवर सर्वांनीं पाहिलेला असेल. त्याच्यासारखे सात मनोरे एकावर एक रचले, तरी ते कोन्स्तान्तिनुफच्या शेंड्याला पोंचले नसते. पॅरिसच्या सुप्रसिद्ध आयफेल मनोऱ्याची उंची त्याच्यापुढें निम्म्याच्या आसपासच भरली असती. तत्पूर्वीं अमेरिकेंतील उत्तर डाकोटा प्रांतांत दूरचित्रवाणीचा जो ६२८ मीटरांचा स्तंभ होता, त्याचा मान या पोलिश मनोऱ्यानें हिरावून घेतला. पुढें २००८ सालीं दुबईची बुर्ज खलिफा ही इमारत त्याच्यावर जाईपर्यंत, माणसाच्या हातून त्याहून उंच कांहींच बांधलें गेलें नाहीं.

मनोरा म्हटला म्हणजे डोळ्यांपुढें रुंद पायाची व निमुळत्या शेंड्याची आकृति येते. हा तसा नव्हता. तळापासून शेंड्यापर्यंत सारख्याच जाडीची, पोलादी नळ्यांची ती एक त्रिकोणी शिडी होती. तिची प्रत्येक बाजू पांच मीटरांहून थोडी कमीच, आणि वजन सुमारें ४२० टन. अशी शिडी स्वतःच्या बळावर क्षणभरहि उभी राहिली नसती. तंबूला जसे तणावे, तसे तिला पांच निरनिराळ्या उंचींवर, प्रत्येक ठिकाणीं तीन दिशांना, असे एकूण पंधरा पोलादी तणावे बांधलेले होते. शिडीच्या आंतून एक पाळणा वर जाई. त्यांत बसून शेंड्यापर्यंत पोंचावयास सुमारें अर्धा तास लागे.

याहूनहि विलक्षण गोष्ट म्हणजे, हा मनोरा नुसता तारा टांगावयाचा खांब नव्हता. तो सबंध स्तंभच विजेनें भारलेला असे. दोन प्रक्षेपक एकत्र जोडून त्यांची २,००० किलोवॉट शक्ति त्यांत सोडीत. म्हणून तो जमिनीला टेंकलेला नसून, जमीन व स्तंभ यांच्यामध्यें विजेला अडविणारी बैठक होती. आणि तणाव्यांतहि तसेच अडसर ठेवावे लागले होते. केंद्रासाठीं उच्च दाबाच्या विजेचें स्वतंत्र उपकेंद्र बांधलें होतें. १९२७ च्या जुलै महिन्यांत मुंबईचें पहिलें नियमित केंद्र सुरू झालें, तें अवघ्या दीड किलोवॉटचें होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे पोलंडच्या या उद्योगाची कल्पना येईल.

त्या आवाजाची धांवहि तशीच होती. सारा युरोप व उत्तर आफ्रिका येथें तो ऐकूं येई. याचें महत्त्व पोलंडच्या बाबतींत फार होतें, कारण त्या देशाचे लोक युद्धानें जगभर पांगले होते. महाराष्ट्राला या पांगलेल्या लोकांची थोडी ओळख आहे. कोल्हापुराजवळच्या वळिवडे या गांवीं १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. रशियाच्या थंड प्रदेशांत हद्दपार झालेलीं, इराणच्या वाटेनें हिंदुस्थानांत आलेलीं तीं बायकामुलें येथें राहिलीं, शिकलीं. आणि वसाहत मोडल्यावर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा निरनिराळ्या देशांस गेलीं. थोडीं स्वदेशीं परतलीं. परक्या देशांत म्हातारपण काढणाऱ्या अशा मनुष्याला रात्रीं रेडिओची सुई एका ठराविक ठिकाणीं आणून ठेवल्याबरोबर आपली भाषा ऐकूं यावी, यांत केवढा दिलासा आहे, हें घर सोडलेल्या कोणालाहि समजेल. त्या काळीं नभोवाणीवर सरकारचा पहारा असे, आणि बातम्यांत काय यावें व काय येऊं नये हें वरून ठरे, ही गोष्ट खरी. तथापि गाणें, नाटक, हवामान, सणावारांचीं वर्णनें आणि मुख्यतः मातृभाषेचा उच्चार, यांवर कोणाचाच पहारा चालत नाहीं.

येणेंप्रमाणें सतरा वर्षें गेलीं. परंतु उंचीला वारा लागतो. कांहीं वर्षांतच वाऱ्याच्या हेलकाव्यांनीं स्तंभ, तणावे व त्यांतील अडसर यांची झीज दिसूं लागली. इतक्या उंचीवरचे भाग बदलणें म्हणजे साधी गोष्ट नव्हे. डागडुजी होत राहिली. तरी जें करावयास हवें होतें, तें सर्व होऊं शकलें नाहीं.

८ ऑगस्ट १९९१ हा दिवस उजाडला. त्या दिवशीं सर्वांत वरच्या थराचे तणावे बदलण्याचें काम चाललें होतें. जुना तणावा सोडावयाचा, त्याच्या जागीं तात्पुरता दोर ताणावयाचा व मग नवा तणावा बसवावयाचा, असें तें काम. यांत प्रत्येक क्षणीं तिन्ही बाजूंचा ताण सारखा राखावा लागतो. एक बाजू सैल पडली, कीं उरलेल्या दोन बाजू स्तंभाला आपल्याकडे खेंचतात. त्या दिवशीं सायंकाळीं हेंच झालें. तणावे बदलण्याच्या कामांत चूक घडली. स्तंभ प्रथम वांकला, आणि मग सुमारें निम्म्या उंचीवर तुटून खालीं आला. चार वर्षें खपून उभारलेलें काम पाहतां पाहतां जमीनदोस्त झालें. दैवाची कृपा एवढीच, कीं या अपघातांत कोणीहि दगावलें नाहीं. एक फिरती क्रेन तेवढी चुरडली गेली. प्रक्षेपकांची इमारत शाबूत राहिली. म्हणजे कंठ होता तसाच होता, मुख तेवढें नाहींसें झालें.

या ठिकाणीं राशिनचा तो जुना स्तंभ पुन्हां रंगभूमीवर येतो. १९४९ सालचा, उंचीनें जेमतेम निम्मा आणि आतां म्हाताऱ्यांत जमा झालेला. तरी त्याला कोणीं मोडींत काढलें नव्हतें, हें देशाचें भाग्य. कोन्स्तान्तिनुफचा कार्यक्रम त्याच्याकडे सोंपविण्यांत आला. त्याची शक्ति कमी होती, पल्ला तोकडा होता, पूर्वींसारखा आवाज दूरच्या देशांत जाईना. परंतु वाणी अजीबात बंद पडली नाहीं. घरांतल्या कर्त्या मुलावर संकट यावें आणि पेन्शनींत निघालेल्या बापानें पुन्हां नोकरी धरावी, तसा तो स्तंभ आठ वर्षें राबला.

सरकारनें १९९२ सालीं कोन्स्तान्तिनुफ येथेंच नवा मनोरा उभारण्याचें ठरविलें. इमारती होत्या, विजेची सोय होती, जमीन होती; तेव्हां हा विचार हिशोबाच्या दृष्टीनें योग्यच होता. परंतु या हिशोबांत एक रकम धरावयाची राहिली होती. मनोऱ्याच्या छायेंत राहणाऱ्या खेडुतांनीं संघ स्थापून या बेताला विरोध केला. इतक्या प्रचंड विद्युल्लहरींच्या सान्निध्यांत सतरा वर्षें काढल्यानें आपल्या आरोग्याला अपाय झाला, अशी त्यांची तक्रार होती, आणि पुन्हां तेंच आयुष्य पत्करण्याची त्यांची तयारी नव्हती.

या वादांत दोन्ही बाजूंना बोलावयास जागा होती. एका बाजूला परमुलखांत बसलेला, मातृभाषेसाठीं कान टवकारणारा वृद्ध. दुसऱ्या बाजूला आपल्या मुलांबाळांच्या प्रकृतीची धास्ती घेतलेला शेतकरी. पहिल्याला मनोरा कधीं दिसत नाहीं, त्याला केवळ आवाज ऐकूं येतो. दुसऱ्याला आवाजाचें अप्रूप नाहीं, त्याला दाराशीं उभा असलेला मनोरा तेवढा दिसतो. खेडुतांची भीति शास्त्राच्या कसोटीला कितपत उतरते, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट नाकबूल करतां येत नाहीं. पहिला मनोरा उभारतांना त्यांचें मत निर्णायक ठरेल अशी राज्यव्यवस्थाच तेथें नव्हती. मधल्या काळांत, १९८९ सालीं, ती व्यवस्था पालटली होती. खेडेगांवचा मनुष्य सरकारला "नको" म्हणूं लागला होता, आणि सरकारला तें ऐकून घेणें भाग होतें. साऱ्या देशाचें म्हणणें जगाला ऐकविणाऱ्या मनोऱ्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांचें म्हणणें तोंवर कोणी ऐकलें नव्हतें, ही विसंगति तेव्हां कोठें उघड झाली.

अखेरीस १९९५ सालीं सरकारनें कोन्स्तान्तिनुफचा नाद सोडला. नव्या केंद्रासाठीं बिदगोश्च शहराजवळ सोलेत्स कुयाव्स्की येथील जागा पसंत करण्यांत आली. पूर्वीं सैन्याच्या कवायतीसाठीं राखलेली ती जमीन होती. तेथें एक ३३० मीटरांचा व दुसरा २८९ मीटरांचा असे दोन स्तंभ उभारून, १,००० किलोवॉट शक्तीचें केंद्र ४ सप्टेंबर १९९९ रोजीं सुरू करण्यांत आलें. उंची निम्म्यावर आली, शक्तीहि निम्म्यावर आली. पण देशाचा आवाज पुन्हां युरोपभर जाऊं लागला. या वेळीं स्तंभांचे पाय जमिनीशीं जोडलेले ठेवले, हाहि एक शहाणपणाच म्हणावयाचा. जगांत पहिला नंबर मिळविण्याची हांव या केंद्राच्या रचनेंत दिसत नाहीं. जेवढें लागतें तेवढेंच तेथें बांधलेलें आहे.

त्यानंतरच्या काळांत इतर देशांचे दीर्घलहरींचे मनोरे एकामागून एक मुके झाले, तेहि अपघातानें नव्हे, तर खर्चाच्या हिशोबानें. जर्मनीनें २०१४ च्या अखेरीस दीर्घलहरींवरील प्रसारण थांबविलें. फ्रान्सनें २०१६ च्या अखेरीस आपल्या जुन्या केंद्रावरील कार्यक्रम बंद केले. कालमापनाचे संकेत तेवढे पुढें चालू ठेवले. आयर्लंडचें दीर्घलहरींचें केंद्र १४ एप्रिल २०२३ रोजीं बंद झालें, आणि क्लार्क्सटाउन येथील त्याचा २४८ मीटरांचा स्तंभ त्याच वर्षीं पाडण्यांत आला. इंग्लंडांत आयुष्य घालविलेल्या वृद्ध आयरिश लोकांना याचें फार वाईट वाटलें. हिंदुस्थानांतहि असाच एक बदल झाला. नागपुराजवळील १,००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून आकाशवाणीची रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी १९८८ सालीं सुरू झाली होती. ती २०१९ च्या आरंभीं बंद करण्यांत आली. रात्रपाळीचा पहारेकरी, लांबच्या वाटेवरचा मोटारचालक आणि झोंप न येणारा म्हातारा, अशी तिच्या श्रोत्यांची जात.

या सर्व ठिकाणीं एकच उत्तर दिलें जातें, कीं आतां इंटरनेट आहे, दूरध्वनि हातांत आहे, श्रोत्यांची गैरसोय होण्याचें कारण नाहीं. उत्तर खोटें नाहीं. परंतु नव्या साधनाची सांखळी लांब असते. तिचा एक दुवा निखळला तरी आवाज थांबतो. जुन्या रीतींत एका टोंकाला मनोरा व दुसऱ्या टोंकाला चार सेलांवर चालणारी पेटी, एवढेंच असे. पूर, वादळ, युद्ध अशा प्रसंगीं हा साधेपणा केवढा उपयोगी पडतो, हें पोलंडसारख्या देशाला अनुभवानें ठाऊक आहे.

पोलंडच्या मनोऱ्यांचा हिशोब मांडला, तर शेवटीं शिल्लक काय राहते? दोनशें मीटरांचे स्तंभ शत्रूनें पाडले. सहाशें शेचाळीस मीटरांचा मनोरा दुरुस्तींत पडला. ज्यानें आठ वर्षें अब्रू राखली, तो स्तंभ ना नवा होता, ना सर्वांत उंच; तो जतन केलेला होता, हाच काय तो त्याचा गुण. उंच बांधण्याचें कौशल्य चार वर्षांत दाखवितां येतें. बांधलेलें राखण्याचें कौशल्य रोज दाखवावें लागतें, आणि त्याची वाहवा कोणी करीत नाहीं. तणाव्यांच्या दोरांना तेल देणाऱ्या मनुष्याचें नांव कोणत्याच कार्यक्रमाच्या शेवटीं सांगितलें जात नाहीं. पण ज्या रात्रीं परमुलखांत एखादी वृद्ध बाई रेडिओची सुई ओळखीच्या जागीं आणते आणि तिला तिच्या आईच्या भाषेंत "शुभ रात्रि" ऐकूं येते, त्या रात्रीच्या सुखांत त्याचाहि वांटा असतो, आणि ज्यांच्या शेताशेजारीं तो स्तंभ उभा आहे, त्या खेडुतांचाहि असतो.